गुरुवारच्या चपला

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही मला उगाच चांगली समजणार नाही. बिल्कीसभाभींच्या दारात सरकारी माणसं आली ती माझ्यामुळे. शेजारणीचा हेवा नाही, भांडण नाही, काही नाही. नुसती अर्ज लिहायची खाज.

आमची बिल्डिंग कुवेतमध्ये, महबूल्यात. सात मजले, एक लिफ्ट, आणि ती लिफ्टही आठवड्यातून तीन दिवस रुसलेली. आम्ही पाचव्यावर: मी, माझा नवरा लक्ष्मीकांत आणि आठ वर्षांचा आशय. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, लक्ष्मीकांत अहमदीला एका कंत्राटदाराकडे. बिल्कीसभाभी तिसऱ्यावर. मूळच्या दाभोळच्या खाडीकडच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून इथे आल्या, त्याला आता तीस वर्षं होतील. नवरा उस्मानभाई, त्यांचं खाली कोपऱ्यावर बकाला, म्हणजे आपलं किराणा दुकान. एकुलती मुलगी अलिना इथेच वाढली, इथल्याच शाळेत शिकली आणि लग्न होऊन श्रीवर्धनला गेली. ती गेल्यावर घर खायला उठतं, असं भाभी एकदाच म्हणाल्या होत्या. त्यानंतर बिल्डिंगमधलं प्रत्येक पोर त्यांचंच झालं.

बाई तोंडाने फटकळ. मी आशयला डब्यात नूडल्स दिल्या की जिन्यातच अडवायच्या. "काय गो सुनेत्रा, गांडुळं चारतेस काय पोराला?" पण उस्मानभाईंना सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचताना त्याच बाईचा हात असा हलका चालायचा की त्यांना कळायचंही नाही. उस्मानभाईंचे स्वतःचे हात थरथरतात. त्यांना सुई धरता येत नाही. हे लक्षात ठेवा.

मार्च संपता संपता शाळेचा मेसेज आला. नव्या शालेय वर्षापासून शाळा चारच दिवस, रविवार ते बुधवार. रोज पाऊण तास जास्त, गुरुवारी सुट्टी. खर्च परवडत नाही म्हणे. एक दिवस बसेस उभ्या राहतील, एक दिवस ए.सी. बंद राहील, तेवढंच वाचेल. आणि वर हेही की मुलांना कुटुंबासोबत जास्त वेळ घालवता येईल. कुठल्या कुटुंबासोबत हो? अख्खं कुवेत गुरुवारी कामावर असतं! सुट्टी शुक्रवार-शनिवारची. गुरुवारी घरात असतात ती झुरळं. आणि फी? फी पाच दिवसांचीच.

माझं डोकं असं सणकलं! लॅबमध्ये त्या दिवशी दोन नमुन्यांवर चुकीची लेबलं लावता लावता राहिले.

पहिल्याच गुरुवारी बिल्डिंगभर रडारड. दुसऱ्या मजल्यावरच्या नेहाने नाइट ड्यूटी करून पोरीला सांभाळलं आणि दुपारी गॅस चालू ठेवून झोपली. वास भाभींना आला. त्यांनी दार बडवून तिला उठवलं, गॅस बंद केला, पोरीला काखोटीला मारलं आणि जिन्यात उभं राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "पुढच्या बेस्तरवारी सगळ्यांनी पोरं माझ्याकडं सोडायची! कोन बंद खोलीत ठेवील तर माझ्याशी गाठ हाय!"

झालं. तेव्हापासून गुरुवारी सकाळी सातला भाभींच्या दारात रांग. सात पोरं. पैसे विचारायची सोय नव्हती. राजश्रीने, सहाव्या मजल्यावरच्या, एकदा पाकीट पुढे केलं तर भाभींनी ते तिच्याच पर्समध्ये कोंबून दिलं. मग आम्ही आपापल्या घरचं काही ना काही डब्यात पाठवायचो. माझी साबुदाण्याची खिचडी पोरांपेक्षा उस्मानभाई जास्त खायचे, साखर असूनसुद्धा.

भाभींचा एक नियम होता. चपला दाराबाहेर, भिंतीला लागून, एका ओळीत. पोरं या खोलीतून त्या खोलीत उधळलेली असायची, पण भाभी पोरं कधी मोजायच्या नाहीत. दार उघडून चपला मोजायच्या. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "हसतेस काय? पोरांना मोजू नये, नजर लागते. चपला मोजाव्यात. सात जोड हायत म्हनजे सात जीव हायत." आशय घरी येऊनही चपला भिंतीला लावून ठेवायला लागला. जे मला आठ वर्षांत जमलं नव्हतं.

इतकं चांगलं चाललं होतं. गप्प बसायचं की नाही मी?

पण आमच्या घरात अर्ज रक्तात आहे. माझ्या बाबांनी पुण्याला नळाच्या पाइपासाठी एकोणीस अर्ज केले. पाइप विसाव्या अर्जाआधी आला, त्याचंच त्यांना वाईट वाटलं. बाबांचं म्हणणं, अर्जात मुद्दे क्रमांक घालून लिहावेत, पुरावा द्यावा आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून वरच्या साहेबाला पाठवावी. प्रत गेल्याशिवाय टेबलावरचा माणूस हलत नाही. मी इंग्रजीत लिहिलं, पण लिहिलं बाबांसारखंच. नऊ मुद्दे. शाळेच्या गेटवर, अर्ज न वाचताच केलेल्या चौदा पालकांच्या सह्या वेगळ्या कागदावर, पहिलं नाव माझं. सहावा मुद्दा असा: शाळेच्या या निर्णयामुळे पालकांना मुलं विनापरवाना पाळणाघरात सोडावी लागत आहेत. उदाहरणादाखल अमुक रस्ता, अमुक इमारत, तिसरा मजला, फ्लॅट बारा. एका खोलीत सात मुलं.

जेवताना मी तो मोठ्याने वाचून दाखवला. आशयलासुद्धा मराठीत समजावून सांगितला, कौतुक करून घ्यायला.

लक्ष्मीकांतने घास हातातच ठेवला. "भाभींचं घर कशाला घातलंस त्यात? आणि पाळणाघर कुठलं? त्या तर एक फिल्स घेत नाहीत."

"नाव कुठे घातलंय? पत्ता घातलाय. शाळेला जरा धाक बसायला नको? पुराव्याशिवाय अर्ज म्हणजे मिठाशिवाय आमटी."

"विनापरवाना हा शब्द तरी काढ."

नाही काढला. तोच शब्द तर मला सगळ्यात आवडला होता. अर्ज शाळेला गेला आणि प्रत माहितीसाठी खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला. मोठ्या ऐटीत मी सेंडचं बटण दाबलं.

शाळेचं उत्तर आलं नाही. प्रत मात्र जिथे जायची तिथे, आणि तिथून आणखी पुढे गेली.

मेच्या दुसऱ्या गुरुवारी माझी ड्यूटी दुपारची होती, म्हणून मी आशयला नऊला सोडायला गेले. भाभींच्या दारात उभी, एका हातात आशय, एका हातात डबा. इतक्यात लिफ्ट उघडली. आमचा हारिस, बिल्डिंगचा राखणदार, पुढे. त्याचा चेहरा पडलेला. मागे काळा अबाया घातलेली एक बाई आणि टॅब घेतलेला एक पुरुष. त्या बाईने आधी दाराकडे पाहिलं नाही. खाली पाहिलं. भिंतीला लागून सहा जोड लहान चपला, आणि सातवा जोड आशय तेवढ्यात नीट लावून उभा राहत होता. त्या माणसाने चपलांचा फोटो काढला.

भाभी बाहेर आल्या, ओढणी सारखी करत. बाई सभ्य होती, आवाज चढवला नाही. इंग्रजीत बोलली आणि हारिस हिंदीत सांगू लागला. घरात किती मुलं? तुमची किती? तुमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कुठला? नवऱ्याच्या व्हिसावर आहात, म्हणजे काम करायची परवानगी नाही, ठाऊक आहे ना?

"काम? ये तो पड़ोस के बच्चे हैं," भाभी म्हणाल्या. हसल्यासुद्धा. त्यांना अजून वाटत होतं की काहीतरी घोटाळा झालाय आणि आत्ता मिटेल.

मग त्या बाईने फायलीतून कागद काढला. एकच कागद, पहिला; सह्यांचा सोबत नव्हता. मुद्दे क्रमांक घातलेले. सहाव्याखाली कुणीतरी लाल रेघ मारलेली.

 डबा पडेल म्हणून मी तो छातीशी धरला.

"तुम्ही आई आहात?" बाईने मला विचारलं. "या तुमच्याकडून पैसे घेतात?"

"नाही. एकही पैसा नाही. कधीच नाही." हे मी इतक्या जोरात म्हणाले की हारिस दचकला.

"मग या पत्रात पाळणाघर का लिहिलंय?"

"मला माहीत नाही."

"हे पत्र कोणी लिहिलंय, माहीत आहे?"

आशयने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात माझ्या हातात होता. त्याची बोटं हलली तशी मी ती दाबली. दुखतील इतकी दाबली.

"नो," मी म्हणाले.

भाभींनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बरं झालं तू होतीस, अशा अर्थाने. देवा! त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते.

रविवारी नवरा-बायकोने त्या बाईच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. इकामा रद्द झाला तर भाभींना जावं लागणार, आणि उस्मानभाई इथे एकटे राहणार. दुकान एका रात्रीत मोडता येत नाही. थरथरते हात, साखर चारशेला टेकलेली. मधे शुक्रवार-शनिवार. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. लक्ष्मीकांत एवढंच म्हणाला, "खाली जाऊन सांगून ये." मी दोनदा चौथ्या मजल्यापर्यंत गेले आणि परत आले.

शनिवारी भाभींनीच मला बोलावलं. उस्मानभाई खुर्चीत बसलेले, सदरा वर केलेला. भाभींनी माझ्या हातात इन्शुलिनचं पेन दिलं.

"तुला सुयांची सवय हाय. मला पाठवलं तर सकाळ-संध्याकाळ तू टोचशील ना गो? दुसऱ्या कोनावर माझा भरोसा नाय."

मी टोचलं. रोज साठ-सत्तर लोकांचं रक्त काढते मी, माझा हात कधी कापत नाही. त्या दिवशी कापला. उस्मानभाई "आई गं" म्हणाले आणि मग मलाच म्हणाले, "काय नाय, काय नाय, होतं असं."

भाभी पेन पुसत म्हणाल्या, "कोनी लिवलं असंल ते? बिल्डिंगमधलंच कोनतरी हाय. आमच्या घराचा नंबर बाहेरच्याला काय माहीत? मिळू दे मला, त्याचं तोंड बघायचंय एकदा."

तोंड त्यांच्या समोरच होतं. मी ते खाली घातलं आणि घरी आले.

रविवारी त्या दोघांना सोडलं, पण लिहून घेऊन सोडलं. घरात बाहेरचं एकही मूल ठेवणार नाही. पुन्हा एक तक्रार आली तर सरळ विमान. भाभी परत आल्या त्या सरळ आत गेल्या. दार लावून घेतलं. तीस वर्षांत त्यांचं दार दिवसा लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी सुट्टी घेतली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही मागितली तर आमची हेड म्हणाली, "सुनेत्रा, तुझ्या एकटीलाच मूल आहे का?" लक्ष्मीकांतच्या साइटवर शटडाऊनचं काम, त्याला श्वास घ्यायची फुरसत नाही. मग मी तेच केलं जे करणाऱ्या आयांना मी अर्जात नावं ठेवली होती. मुद्दा क्रमांक सात. आशयला डबा दिला, पाणी दिलं, जुना मोबाइल दिला, गॅसचा कॉक बंद केला आणि बाहेरून कुलूप लावलं. मला आत्ताही तो आवाज ऐकू येतो.

"मम्मा, आय विल बी ओके," तो आतून म्हणाला. माझ्याशी त्या 'नो'च्या दिवसापासून तो इंग्रजीतच बोलत होता.

नऊला फोन केला, उचलला. दहाला उचलला. अकराला नाही. अकरा-पाच, अकरा-दहा, नाही. बाहेर सत्तेचाळीस डिग्री. लाइट गेली असेल? बाथरूममध्ये पडला असेल? खिडकीत चढला असेल? नवव्या रिंगनंतर मी ग्लोव्हज तसेच फेकले, हेड मागून हाका मारत होती, आणि टॅक्सीत बसले. सगळ्या वाटेत फोन लावत होते. नुसती रिंग जात होती. टॅक्सीवाला मल्याळी होता. त्याने गाडी जोरात हाणली.

लिफ्ट बंद. मी जिने चढायला लागले. तिसऱ्यावर भाभींचं दार बंद. चौथ्यावर माझी चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. आणि चौथ्या-पाचव्याच्या मधल्या वळणावर मला आवाज आला. बाईचा. ठसक्याचा.

"...तर माझा बा होडी किनाऱ्याला लावायचा नि म्हनायचा, उतरा, पन एकेक करून. घाई केली की होडी कलती. ऐकतोस ना रं? टकटक कर."

आतून टकटक.

बिल्कीसभाभी माझ्या बंद दाराबाहेर चटई टाकून बसल्या होत्या. पाठ दाराला टेकलेली, चपला शेजारी काढून ठेवलेल्या. वर जिन्यात ए.सी. नाही, घामाने ओढणी भिजलेली. पुन्हा एक तक्रार आली तर सरळ विमान, आणि ही बाई उघड्या जिन्यात बसून माझ्या पोराला गोष्ट सांगत होती.

मला बघून त्या थांबल्या. उठल्या नाहीत.

"भाभी," मी म्हणाले. श्वास पुरत नव्हता. "भाभी, तो अर्ज..."

"ठाऊक हाय." त्यांनी आवाज खाली आणला, दाराकडे बघत. "तुझ्या पोरानं सांगितलं मगाशी. रडत होता, खालपर्यंत ऐकू आलं म्हनून वर आले. म्हनला, खाला, मम्मानं लिवलं नि मम्मा खोटं बोलली, नि मी बोलनार होतो तर माझा हात दाबला. दोन आठवडे पोटात घेऊन फिरतंय ते पोर."

मी पायरीवर बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तर रडूच आलं.

"रडू नको. तुझं रडनं बघायला नाय बसले मी हितं." मी त्यांना इतकं थंड बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "माझ्या मानसाच्या पोटात सुई टोचलीस, माझ्या घरात बसून. तेवा तोंड नाय उघडलं तुझं? मी तुझ्या हातात माझा नवरा दिला होता गो."

मी बाहीने तोंड पुसलं. 

"मग तुम्ही... इथे का बसलात?"

"त्याच्यासाठी. त्यानं काय वाईट केलंय माझं?" त्या हाताच्या आधाराने उठल्या, गुडघे चोळले, चटई गुंडाळली. "अर्ज लिवता येतो ना तुला? आता एक खरा लिव. नि खाली नाव घाल, पुरं. दार हळू उघड. पोर आतून टेकून बसलंय."

"भाभी, पाणी तरी..."

त्या केव्हाच जिना उतरत होत्या.

मी दार हळू उघडलं. आशय तसाच दाराला टेकून बसला होता, गाल लाल, मोबाइल आतल्या खोलीत वाजून वाजून थकलेला. उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, त्याच्या रबरी चपला एका ओळीत लावलेल्या.

"खाला म्हणाली दाराशी लाव," तो म्हणाला. मराठीत म्हणाला. "म्हणजे तिला बाहेरून मोजता येतील."

त्याच दुपारी मी लिहायला बसले. मुद्दा क्रमांक एक: आधीच्या पत्रातला सहावा मुद्दा खोटा आहे, तो मी लिहिला. मुद्दा क्रमांक दोन: त्या घरात कोणीही कधी पैसे घेतले नाहीत. मुद्दा क्रमांक तीन: विचारल्यावर मी खोटं बोलले. मुद्दा क्रमांक चार लिहायला सगळ्यात वेळ लागला: आज मी माझ्या आठ वर्षांच्या मुलाला कुलूप लावून कामावर गेले, आणि त्याला ज्या बाईने सांभाळलं ती हीच, स्वतःच्या घरात नाही, माझ्या दाराबाहेर. खाली पूर्ण नाव, मजला, फ्लॅट नंबर, सिव्हिल आयडी. लक्ष्मीकांतने घरी आल्यावर वाचलं आणि म्हणाला, "यात तुझी नोकरी जाऊ शकते." मी म्हटलं, हो. प्रत शाळेला गेली. मूळ पत्र यावेळी त्या अबायावाल्या बाईंच्या ऑफिसला.

उत्तर अजून आलेलं नाही. शाळा चारच दिवस आहे. भाभी माझ्याशी बोलत नाहीत. जिन्यात समोर आल्या तर आशयच्या डोक्यावर हात ठेवतात आणि माझ्या अंगावरून पुढे जातात.

आज बुधवार. उद्या पुन्हा गुरुवार. कामावरून येताना लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्याने आले. तिसऱ्या मजल्यावर भाभींच्या दाराबाहेर, कठड्यावर, ती चटई धुऊन वाळत घातली होती.